वाचकांचे प्रश्न : मिरचीचं व्हिनेगर घरच्या घरी

चायनीजच्या गाडीवर टेबलावर ठेवलेली, हिरव्या मिरच्यांचे तुकडे तरंगणारी व्हिनेगरची बाटली सगळ्यांच्या ओळखीची. ती घरी कशी करायची, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी नाशिक शहर आणि तालुक्यांतून आली. काहींनी करून बघितलं आणि फसलं. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं देत आहोत.

सिडकोतून एक वाचक विचारतात : व्हिनेगरमध्ये मिरच्या टाकून ठेवायच्या, एवढंच असतं की काही प्रमाण असतं? नीट कृती द्याल का?

प्रमाण असतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. 400 मिली व्हिनेगरला 100 ग्रॅम ताज्या मिरच्या, यापेक्षा जास्त नको. त्यात 6-7 लसूण पाकळ्या, 8-10 काळी मिरी आणि एक सपाट छोटा चमचा खडे मीठ. बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यांनी व्हिनेगर थोडं गढुळतं. चालतं, पण खडे मिठाने बाटली स्वच्छ दिसते. आवडत असेल तर अर्धा चमचा साखर घाला. गोडी जाणवत नाही, फक्त आंबटपणाची धार बोथट होते.

मिरच्या दोन प्रकारच्या घ्या. नुसती लवंगी घेतली तर तिखट भरपूर, पण मिरचीचा वास कमी. साधारण 60 ग्रॅम लवंगी आणि 40 ग्रॅम ज्वाला हा मेळ चांगला बसतो. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात सकाळी गेलात तर ताठ, चकचकीत मिरची हाताने निवडून घेता येते. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. मऊ पडलेली, भोक असलेली, देठाशी काळी झालेली एकही नको. शंभर चांगल्या मिरच्यांत एक किडकी गेली तरी बरणी तिच्यापासूनच बिघडते.

मिरच्या देठासकट धुवा, मग देठ काढा. आधी देठ काढून धुतल्या तर पाणी आत शिरतं. सुती पंचावर पसरून पंख्याखाली चार-पाच तास वाळू द्या. देठाच्या खळग्यात थेंब अडकून बसतो, तिथे पंचाचं टोक फिरवा. त्यानंतर प्रत्येक मिरचीला उभी चीर द्या, टोकापासून अर्ध्यापर्यंत, आतल्या पांढऱ्या पडद्याला लागेल इतकी खोल. ही चीर टाळू नका. अखंड मिरचीच्या पोकळीत हवा असते, त्यामुळे ती वर तरंगते आणि पृष्ठभागाबाहेर राहिलेल्या तेवढ्याच भागावर बुरशी धरते. चीर दिलेली मिरची व्हिनेगरमध्ये गेली की चिरेतून एक-दोन बुडबुडे सुटतात आणि ती हळूहळू खाली बसायला लागते.

काचेची रुंद तोंडाची, पाऊण लिटरची बरणी गार पाण्यात बुडवून पाणी तापवा आणि उकळी आल्यावर 10 मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्यात गार बरणी टाकली तर ती तडकते. बाहेर काढून घडी केलेल्या फडक्यावर पालथी घाला. कोरडी पण कोमट असतानाच मिरच्या, लसूण, मिरी, मीठ भरा. स्टीलच्या पातेल्यात व्हिनेगर तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले, की गॅस बंद. साधारण 85 ते 90 अंश. खळखळ उकळू नका. ती वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि चांगल्या व्हिनेगरचा वासही उडून जातो. खिडकी उघडी ठेवा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा.

गरम व्हिनेगर मिरच्यांवर ओता. वर बोटाच्या पेराएवढी जागा सोडा, सगळ्या मिरच्या बुडालेल्या हव्यात. पहिले दोन दिवस काही तरंगतातच, त्यांच्यावर उकळून घेतलेली छोटी काचेची वाटी ठेवा. झाकण प्लॅस्टिकचं किंवा काचेचं. पत्र्याचं असेल तर आतला लेप निघाला नाही ना हे बघा, कारण व्हिनेगरची वाफच पत्रा गंजवते आणि तो गंज थेंबाथेंबाने खाली पडतो. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. चौथ्या दिवसापासून चव घ्या. दोन आठवड्यांत वापरण्याजोगं होतं आणि तीन-चार आठवड्यांत पूर्ण उतरतं. मग गाळून अरुंद तोंडाच्या बाटलीत भरा. गाळलेलं व्हिनेगर कपाटात दोन-तीन महिने, फ्रिजमध्ये सहा महिने चांगलं राहतं.

पंचवटीतून : बरणी काठोकाठ मिरच्यांनी भरली आणि उरलेल्या जागेत व्हिनेगर ओतलं. दहा-बारा दिवसांत वर पांढरी साय आली. ती काढून टाकून बाकीचं वापरू का? व्हिनेगरमध्ये काही खराब होत नाही असं ऐकलं होतं.

व्हिनेगरमध्ये खराब होत नाही हे खरं, पण ते व्हिनेगर राहिलं असेल तर. तुमच्या बरणीत ते पातळ झालं.

हिशोब मांडून बघा. हिरव्या मिरचीत वजनाच्या साधारण 88 टक्के पाणीच असतं. आपल्याकडचं नेहमीचं पांढरं व्हिनेगर 4 टक्क्यांचं, म्हणजे 400 मिलीत 16 ग्रॅम आम्ल. 100 ग्रॅम मिरच्यांतलं 88 मिली पाणी हळूहळू बाहेर येऊन मिसळलं तरी शेवटी 3.3 टक्के उरतं. ते पुरेसं आहे. तुम्ही काठोकाठ भरल्यात, म्हणजे 250 ग्रॅम मिरच्या आणि जेमतेम 300 मिली व्हिनेगर असं धरू. आम्ल 12 ग्रॅम आणि पाणी 220 मिली वाढलं. आता ते 2.3 टक्क्यांवर आलं. शिवाय मिरच्या ओल्या असतील, बरणी नीट कोरडी नसेल, तर आणखी खाली. एवढ्या पातळ आम्लात यीस्ट आणि बुरशी आरामात वाढतात.

आता ती साय नेमकी कसली, ते बघून घ्या. पातळ, सुरकुतलेली, पावडर पसरल्यासारखी पांढरी असेल तर बहुतेक यीस्ट. केसाळ, हिरवे-काळे ठिपके असतील तर बुरशी. आणि गुळगुळीत, जेलीसारखी, बरणी हलवली की चकतीसारखी अख्खी खाली बसणारी असेल, तर ती व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंची असते, तिला ‘मदर’ म्हणतात. ती निरुपद्रवी. गाळून टाकायची, बस. मात्र ती सफरचंदाच्या किंवा इतर किण्वित (रस आंबवून केलेल्या), न गाळलेल्या व्हिनेगरमध्ये येते. सिंथेटिक पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तिचं काही काम नाही, त्यामुळे त्यात साय दिसली तर संशयच घ्यावा.

तुमची बरणी टाकून द्या, आणि बुरशी असेल तर वरचं काढून खालचं वापरणं अजिबात नको. बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि काही बुरशी आम्लच खातात. तसं झालं की बरणीचा आंबटपणा कमी होतो आणि मग ज्यांना आम्ल रोखून धरत होतं, त्या जिवाणूंनाही वाट मोकळी होते. शंका असेल तर पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजणारी, कागदी पट्टी घ्या. पीएचचा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. 4.6 च्या खाली बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढत नाहीत, पण घरच्या बरणीसाठी 4 च्या वर आलेली कुठलीही बरणी नको. चांगल्या बरणीत पट्टी 3 ते 3.5 च्या आसपास दाखवते.

याच पत्रात लोणच्यासारखा वर तेलाचा थर द्यावा का असंही विचारलं आहे. नको. लोणच्यात मीठ भरपूर असतं आणि आम्लही असतं, त्यांच्या जोडीला तेल हवा अडवतं. इथे तेल खवट होतं आणि बाटलीचं तोंड चिकट करतं, उपयोग काही नाही. तेलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: नुसत्या तेलात कच्ची लसूण-मिरची बुडवून ओट्यावर ठेवणं फार धोक्याचं. तिथे आम्ल नाही आणि हवाही नाही. बोटुलिझमला हीच परिस्थिती लागते, आणि त्याचं विष वासाने किंवा चवीने कळत नाही.

गंगापूर रोडहून : दुकानात पांढरं, सफरचंदाचं, उसाचं असं तीन-चार प्रकारचं व्हिनेगर दिसतं. कोणतं घ्यावं? आणि एक दुकानदार म्हणाला, ॲसिडची बाटली घ्या, पाणी घाला, स्वस्त पडेल.

दुसरा भाग आधी. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घरात आणू नका. ते जवळजवळ शुद्ध आम्ल असतं. अंगावर उडालं तर कातडी जळते, वाफेने डोळे आणि छाती. औद्योगिक दर्जाच्या बाटलीत खाण्याला न चालणारी भेसळ असू शकते, आणि चमच्याच्या मापाने पातळ करताना चुकलं तर ते कळायला मार्ग नाही. वाचणारे पैसे या जोखमीपुढे काहीच नाहीत.

पांढरं स्वस्त व्हिनेगर हे खाद्य दर्जाच्या ॲसिटिक ॲसिडपासूनच कारखान्यात मोजून केलेलं असतं आणि लेबलवर ‘सिंथेटिक’ असं छापणं बंधनकारक आहे. किण्वित व्हिनेगर फळाच्या किंवा उसाच्या रसापासून होतं. भारतीय अन्न मानकांनुसार दोन्हींत किमान 3.75 टक्के आम्ल हवं. लेबलवर आकडा शोधा आणि 4 किंवा जास्त असेल तेच घ्या. सफरचंदाच्या व्हिनेगरवर बरेचदा 5 असतो. तेवढी जास्तीची सुरक्षा पदरात पडते.

चवीचं म्हणाल तर सिंथेटिकची आंबट चव सरळसोट, तिला मागे काही नाही. चायनीजच्या बाटलीला तीच चव ओळखीची आहे. उसाचं व्हिनेगर मिरचीला सगळ्यात छान सांभाळतं, थोडा गुळाचा भास असतो. सफरचंदाचं महाग आणि त्याचा स्वतःचा वास लवंगीशी भांडतो. पहिली बरणी पांढऱ्यात करा, दुसरी उसाच्यात, आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखा.

जुन्या नाशकातून : आमच्याकडे तांब्याची, पितळेची कल्हईची भांडी आहेत. त्यात व्हिनेगर तापवलं तर चालेल का? आणि मिरच्यांचा हिरवा रंग जाऊन शेवाळी का होतो?

तांबं-पितळ नाही, कल्हई असली तरी नाही. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली आहेत, ती जपावीत, पण गरम ॲसिटिक ॲसिड कल्हईच्या एखाद्या खरवडलेल्या जागेतून तांब्यापर्यंत पोचतं आणि तांब्याचे विषारी क्षार विरघळवून घेतं. ॲल्युमिनियम आणि लोखंडी कढईही नको. स्टील किंवा काच.

रंगाचं कारण साधं आहे. मिरचीच्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्लात तो निघून जातो आणि रंग शेवाळी-पिवळट होतो. याला उपाय नाही आणि गरजही नाही. गंमत अशी, की तांब्याच्या भांड्यात केलं तर त्या जागी तांबं जाऊन बसतं आणि मिरची सुरेख हिरवीगार राहते. म्हणजे महिनाभर व्हिनेगरात राहूनही झगझगीत हिरवी असलेली मिरची कौतुकाची नसते, तिच्याकडे संशयाने बघावं. रंगच हवा असेल तर पिकलेली लाल मिरची घ्या, तिचा रंग टिकतो.

निफाडहून : डिसेंबरात केलं. महिना झाला तरी आंबट आहे, तिखट नाही.

तीन कारणं असू शकतात आणि तुमच्या पत्रावरून तिन्ही एकत्र आलेली दिसतात.

पहिलं, थंडी. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. ओट्यावरची बरणी रात्रभर फ्रिजमध्ये असल्यासारखीच असते. मुरण्याचा वेग निम्म्याहून खाली येतो. अशा दिवसांत बरणी गॅसच्या वरच्या कपाटात ठेवा आणि सहा आठवडे द्या.

दुसरं, तुम्ही व्हिनेगर गारच ओतलंत. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. ते तेलात, मद्यार्कात सहज विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. व्हिनेगर म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे तिखट नाखुशीनेच बाहेर येतं आणि त्याला उष्णतेची मदत लागते.

तिसरं, मिरच्या अखंड. लोक बियांना तिखट समजतात, पण कॅप्सेसिन तयार होतं ते बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या पडद्यात. बियांना तो लागलेला असतो म्हणून त्या झोंबतात. चीर पडद्यापर्यंत गेली नसेल तर व्हिनेगर बाहेरूनच फिरत राहतं.

आहे ती बरणी वाचते. व्हिनेगर गाळून परत कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, त्याच मिरच्या चिरून बरणीत घाला, शिवाय 10 ग्रॅम सुकी तेजा मिरची मोडून टाका. सुक्या मिरचीत पाणी नसल्यासारखंच असतं, त्यामुळे आम्ल पातळ होत नाही. खरं तर ज्यांना झणझणीत हवं आहे त्यांना आमचा सल्ला हाच: ताज्या मिरच्या वाढवू नका, सुकी मिरची जोडा. नुसत्या सुक्या मिरचीचं करायचं असेल तर 500 मिलीला 25 ग्रॅम तेजा पुरे. रंग आणि खमंग वास हवा असेल तर त्यात दोन-तीन बेडगी. काळे डाग पडलेली, आतून करडी दिसणारी सुकी मिरची मात्र घेऊ नका, ती आधीच बुरसलेली असते.

इंदिरानगरहून : लसूण निळी-हिरवी झाली! विष झालं का?

नाही. लसणीतली गंधकाची संयुगं आम्लात एकमेकांशी जोडली जाऊन निळसर रंग तयार होतो. बरेच दिवस गारठ्यात ठेवलेल्या लसणीत हे जास्त दिसतं. खायला निर्धोक आहे. नजरेला नको असेल तर पाकळ्या उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून, पूर्ण कोरड्या करून घाला. पूर्ण कोरड्या.

पिंपळगाव बसवंतहून : हंगामात बागेतली निर्यातीला न जाणारी द्राक्षं उरतात. त्यांचंच व्हिनेगर करून त्यात मिरची घालता येईल का?

तत्त्वतः होतं. रसातल्या साखरेचा आधी मद्यार्क आणि मग जिवाणूंकडून त्याचं ॲसिटिक आम्ल. पण मधला टप्पा म्हणजे घरात वाइन करणं, आणि महाराष्ट्रात मद्य तयार करायला परवाना लागतो. दुसरी अडचण आमच्या दृष्टीने जास्त मोठी आहे: घरी झालेल्या व्हिनेगरमध्ये आम्ल किती, हे टायट्रेशन (आम्ल मोजण्याची रासायनिक चाचणी) केल्याशिवाय कळत नाही. ते 2 टक्के असेल, 6 असेल. पीएचची पट्टी टक्केवारी सांगत नाही. पाणीदार मिरची घालायची ती मोजलेल्या आम्लातच घालावी.

द्राक्षाची चव हवी तर दुसरी वाट आहे. 400 मिली उसाच्या व्हिनेगरमध्ये मिरच्यांसोबत 20-25 बेदाणे घाला. पंधरा दिवसांत ते फुगतात, व्हिनेगर किंचित गोडसर आणि मधाळ रंगाचं होतं, आणि ते तिखट-आंबट बेदाणे भाजलेल्या पापडावर कांद्यासोबत फार सुंदर लागतात.

नाशिकरोडहून : बाटली अर्धी संपली की वरून व्हिनेगर भरत राहायचं, असं एका नातेवाइकांनी सांगितलं. किती वेळा?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जेवणाच्या टेबलावरची मिरची-व्हिनेगरची बाटली अशीच भरत राहतात. दोनदा भरा, फार तर तीनदा, आणि प्रत्येक वेळी तापवलेलं व्हिनेगर. पहिल्या भरणीतच मिरचीतलं बरंचसं पाणी बाहेर आलेलं असतं, त्यामुळे आम्लाची चिंता पुढे कमी होते. पण तिखट उतरत जातं आणि मिरच्यांचा लगदा होतो. तो तळाशी गाळासारखा बसू लागला की बाटली रिकामी करून नव्याने सुरुवात करा. वापरताना बाटलीत चमचा घालू नका, ओता.

सातपूरहून : मिरच्या चिरल्यावर रात्रभर हात पेटले होते. पाण्याने काही होत नाही.

होणारच नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हाताला खोबरेल तेल चोळा, दोन मिनिटांनी भांड्याच्या साबणाने धुवा आणि हे दोनदा करा. पुढच्या वेळी चिरण्याआधीच पातळ हातमोजे घाला. बोट डोळ्याला लागलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा. तिथे तेल नको.

मखमलाबादच्या एका बचत गटाकडून : दिवाळीत विक्रीला ठेवायचं आहे. काय काळजी घ्यावी?

विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, घरगुती असलं तरी. बाटलीवर घटक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, नोंदणी क्रमांक आणि मूळ व्हिनेगर सिंथेटिक असेल तर ते, हे सगळं हवं.

विक्रीच्या बाटलीत मिरच्या ठेवू नका. दिसायला त्या छान दिसतात म्हणून मोह होतो, पण ग्राहक बाटली निम्मी संपवतो, वरच्या मिरच्या उघड्या पडतात आणि बुरशीची तक्रार तुमच्याकडे येते. दुहेरी मलमलमधून गाळलेलं निव्वळ व्हिनेगर भरा. शोभेला एखादी सुकी बेडगी चालेल. एका वेळी केलेल्या प्रत्येक मालातली एक बाटली तारीख टाकून स्वतःकडे ठेवा आणि महिन्या-महिन्याने उघडून पट्टीने तपासा. आम्ल लेबलवर किती लिहायचं यासाठी एकदा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या.

चव दाखवायला साध्या व्हिनेगरच्या चमच्यापेक्षा कांदा ठेवा. लाल कांदा पातळ उभा चिरून, चिमूटभर मीठ लावून, दोन चमचे मिरची-व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं. आम्लाने तो गुलाबी होतो आणि मिसळीसोबत लिंबाच्या जागी दिला तर बाटल्या विकायला वेगळं बोलावं लागत नाही. पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्या ग्राहकाला मात्र रिकाम्या पोटी चाखायला देऊ नका. उरलेल्या, गाळलेल्या मिरच्या वाया घालवायच्या नाहीत. मीठ, थोडा गूळ आणि भाजलेले तीळ घालून मिक्सरवर जाडसर फिरवा. ती चटणी फ्रिजमध्ये पंधरा दिवस टिकते.